नाचणी म्हणजे गवत नव्हे!

साथींनो, बायांनो, तरुण पोरापोरींनो,

खरिपाची पीक पाहणी तोंडावर आली आहे. म्हणून या अंकात मोर्चाच्या बातम्या थोड्या मागे ठेवून आम्ही धान्याबद्दल लिहीत आहोत. ज्यांना वाचता येतं त्यांनी हे पाड्यावर मोठ्यानं वाचून दाखवावं. म्हाताऱ्या माणसांना विचारावं, यात काही सांगायचं राहिलं का.

कल्याण, मुरबाड, शहापूर, भिवंडी, कुठल्याही तालुक्यातल्या पाड्यावर जा. खाली ओहळाच्या कडेला भाताची खाचरं आणि वर उतारावर वरकस. वरकसावर नाचणी, वरी, खुरासणी, उडीद. खाचरं थोडी, त्यातली निम्मी दुसऱ्याच्या नावावरची. आपलं पोट भरतं ते वरकसावर. आता त्याच जमिनीचा सातबारा काढून बघा. बाराच्या रकान्यात जिथे पिकाचं नाव लिहायचं असतं, तिथे लिहिलेलं सापडतं 'गवत'. नाहीतर 'पड'. आणि जमीन जंगलखात्याची असली तर सातबाऱ्यावर आपलं काहीच नाही. तिथे आपलं नाव एकाच कागदावर येतं, दंडाच्या पावतीवर.

म्हणजे डोंगरावर नाचणी पोटरीत आलेली, बाया निंदणी करून कंबर धरून बसलेल्या, आणि कागद म्हणतो इथे गवत आहे. काही साथी म्हणतात, तलाठी आळशी असतो, डोंगर चढत नाही, चावडीत बसून मागच्या वर्षीचं पुढे उतरवतो. ते खरं आहे. पण आळसानं एखादं वर्ष चुकेल. पिढ्यान् पिढ्या एकच चूक, आणि ती नेहमी कसणाऱ्याच्याच विरुद्ध? याला आळस म्हणत नाहीत. नाचणीला गवत म्हणण्यात पैसा आहे, जमीन आहे. तेच आम्हाला सांगायचं आहे.

गवत कुणाला हवं होतं?

ठाणे जिल्ह्यातलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. सावकार-जमीनदारांनी त्यावर माड्या बांधल्या. वरकसावर आपण नाचणी काढायची आणि उरलेल्या माळाचं गवत कापून त्यांच्या वखारीत घालायचं, असा हिशोब होता. १९४५ साली डहाणू, तलासरी, उंबरगावच्या वारल्यांनी जो लढा केला, त्यात हीच मागणी होती : पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी हुतात्मे झाले. लोक म्हणतात तो वेठबिगारीविरुद्धचा लढा होता. होताच. पण ज्यांच्या हातात गवताचा विळा होता, ते मूळचे धान्य काढणारे होते. त्यांना गवत कापणारे कुणी केलं, हाही प्रश्न त्यातच होता.

पुढे कूळकायदा आला, १९४८ चा. १ एप्रिल १९५७ ला कृषक दिन झाला. कसेल त्याची जमीन! पण कसतो कोण हे कशावरून ठरणार? पीक कुणाचं यावरून. कागदावर 'गवत' असलं की कसणारा कुणी राहतच नाही. गवत आपोआप उगवतं, त्याला कूळ लागत नाही. एका शब्दानं कूळ उडालं आणि जमीन मालकाकडे राहिली.

आता जुना गंमतीचा भाग बघा. इंग्रजांनी या जिल्ह्यात जमिनीची मोजणी केली तेव्हा त्यांनी भात, बागायत आणि वरकस अशी वेगवेगळी वर्गवारी केली, आणि वरकसावर सारा बसवला. म्हणजे सारा घेताना ती शेती होती. हक्क द्यायची वेळ आली तेव्हा ती गवत झाली.

धान्याचा जन्मदाखला

दुसरं बोलणं आपल्याला ऑफिसात ऐकावं लागतं, "तुम्ही जंगलात बाहेरून घुसलात, अतिक्रमण केलंत, इथे कधीपासून आहात त्याचा पुरावा आणा." ठीक आहे. पुराव्याचीच गोष्ट असेल तर आधी साहेबांच्या ताटातल्या धान्याचा पुरावा मागू.

गहू कुठला? इराक, सीरिया, तुर्कस्तान या बाजूचा. दहा हजार वर्षांपूर्वी तिकडच्या लोकांनी रानटी गवताची कणसं निवडून तो माणसाळवला. मका मेक्सिकोतल्या आदिवासींनी तयार केला; तो आपल्या देशात पोर्तुगिजांबरोबर आला. ज्वारी आणि बाजरी आफ्रिकेतून आल्या. भाताची सर्वांत जुनी शेती चीनमधल्या यांगत्से नदीच्या खोऱ्यात, आणि आपल्याकडे गंगेच्या खोऱ्यातही भात फार जुना. उपासाला पवित्र म्हणून जो साबुदाणा खातात, त्याचा कंद दक्षिण अमेरिकेतला. आपली नाचणीसुद्धा मूळची आफ्रिकेची, इथिओपिया-युगांडाच्या डोंगरातली. दोन-तीन हजार वर्षांपूर्वी तरी ती समुद्र ओलांडून इकडे आली आणि इथेही तिनं डोंगरच धरला. फक्त वरी आणि हरीक इथलेच. याच देशात, याच मातीत माणसांनी ते रानातून शेतात आणले.

मग सांगा, अतिक्रमण कुणाचं? गव्हाला कुणी परदेशी म्हणून दंड करत नाही. धान्य कुठून आलं हे कुणी विचारत नाही. ज्यानं रुजवलं, राखलं, बी पुढच्या वर्षाला ठेवलं, त्याचं ते धान्य. जमिनीला हाच न्याय लावा. त्याहून जास्त आम्ही काही मागत नाही.

आणि वरीचं तर हसावं की रडावं! संकष्टीला टिटवाळ्याच्या गणपतीला लोकल भरभरून जातात. कल्याण-डोंबिवलीच्या घराघरांत त्या दिवशी वरीचे तांदूळ शिजतात. एकादशीला वरी, शिवरात्रीला वरी. देवाला चालणारं, उपासाला न मोडणारं धान्य. शहरात ते पवित्र, आणि डोंगरावर ते लावणारा गुन्हेगार. लहान बाळाला डॉक्टर सांगतात नाचणीचं सत्त्व द्या. आणि ती नाचणी जिथे उगवते ती जागा 'पड'!

"तुमची शेती मागासलेली"

तिसरं बोलणं शिकलेल्या लोकांचं. म्हणे आदिवासी डोंगर जाळतात, उतार नांगरतात, माती वाहून जाते, जंगल संपतं. या लोकांनी एकदा आमच्याबरोबर वर्षभर यावं.

माघ-फाल्गुनात राबाची तयारी असते. झाडाच्या फांद्यांचे टहाळ, पालापाचोळा, शेण, गवत यांचा थर खाचराच्या कोपऱ्यात रचतात, वर माती टाकतात आणि भाजतात. त्या भाजलेल्या जागेवर पाऊस पडायच्या बेताला बी टाकलं की रोप जोमदार येतं, तण येत नाही. मग आवणी. राबासाठी टहाळ कुठून येतो? वरकसावरच्या झाडांचा. झाड मुळातून तोडत नाहीत, फांद्या घेतात, कारण तेच झाड परत पुढे लागतं. म्हणजे वरकस गेलं की खालचं भातही पांगळं होतं. खाचर आणि वरकस ही दोन शेतं नाहीत, एकाच शेताचे दोन पाय आहेत.

वरकसाचाही नियम असतो. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग खुरासणी किंवा उडीद, आणि नंतर जमीन काही वर्षं विसाव्याला. त्या काळात तिथे गवत येतं, झुडपं वाढतात, माती धरते. 'पड' म्हणतात ती हीच. ती ओसाड नसते, विसावा घेत असते. पांढरपेशा नोकरदाराला रविवार मिळतो, त्या दिवशी त्याची खुर्ची कुणी दुसऱ्याला देऊन टाकत नाही. आमच्या जमिनीनं विसावा घेतला की मात्र ती मोकळी जागा ठरते, तिथे झाडं लावायचे खड्डे पडतात नाहीतर फार्महाऊसचं कुंपण. गेल्या पावसाळ्यात तर आमच्या एका पाड्यावर विसाव्याचीही वाट पाहिली नाही. नाचणी उभी असताना तिच्या मधोमध खड्डे खणले गेले.

हे भांडण आजचं नाही. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राब आणि टहाळावरून इतका असंतोष झाला की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. कर्जत, पेण, रोह्याकडे ठाकूर-कातकऱ्यांना जंगलातच नाचणी-वरीसाठी दळीचे प्लॉट दिले गेले, ते याच खातेऱ्यानं. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी देशात धान्याची टंचाई झाली तेव्हा 'अधिक धान्य पिकवा' म्हणत सरकारनंच वनजमिनी एकसाली पट्ट्यानं कसायला दिल्या. तेव्हा आम्ही डोंगर नासवत नव्हतो. देशाला धान्य हवं होतं तोवर आम्ही शेतकरी होतो, टंचाई सरली आणि आम्ही अतिक्रमणवाले झालो. १९७८ साली राज्य सरकारनं शासन निर्णय काढला की तोवरची अतिक्रमणं नावावर करू. कितीजणांची झाली? १९८० चा केंद्राचा वन कायदा आला आणि फाईल बंद.

उतारावरची माती वाहते का? हो, विसावा दिला नाही तर वाहते. हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पण विसावा द्यायला जमीन ठेवली कुठे? खालची चांगली भातजमीन आधी गेली. तानसा, वैतरणा, भातसा, बारवी, धरणांची नावं वाचा. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतो. बारवीचं पाणी एमआयडीसीला आणि कल्याण, डोंबिवली, उल्हासनगरकडे जातं. त्या पाण्याखाली खाचरं गेली, माणसं वर सरकली. पाण्यानं वर ढकललं आणि जंगलखात्यानं विचारलं, वर का आलात? शंभर एकरावर फिरणारी पाळी दहा एकरावर आणून ठेवायची, आणि मग म्हणायचं यांची पद्धत वाईट.

ताटातून काय गेलं?

भाताचे उपयोग आपण कुणाला सांगायचे! तांदूळ, पोहे, कणी, भाकर, पेज. पेंढा गुराला आणि छपराला. कोंडा कोंबड्यांना. तूससुद्धा वाया जात नाही, ते वीटभट्टीत जळतं. पण इथे थांबून विचार करा. कल्याण-भिवंडीच्या भट्ट्यांवर विटा कशाच्या होतात? भातशेताच्या वरच्या मातीच्या. भाजतात कशानं? भाताच्या तुसानं. थापतो कोण? दिवाळीनंतर उचल घेऊन बायकापोरांसकट गेलेला कातकरी. माती भाताची, जळण भाताचं, आणि हात भात लावणाऱ्याचे. त्यातून डोंबिवलीच्या बिल्डिंगा उभ्या राहतात, आणि त्या बिल्डिंगाही पूर्वी भात पिकायचं त्याच जमिनीवर. आमच्यात म्हातारी माणसं अजून सांगतात, अमुक स्टेशनच्या मागे आम्ही आवणीला जायचो. आज तिथे भाताचा दाणा दुकानातच दिसतो.

सुधारित भाताला आमचा विरोध नाही. १९६६ साली फिलिपाईन्सहून आयआर-८ आलं, नंतर जया, रत्ना आणि कर्जतच्या संशोधन केंद्राच्या जाती. आम्हीही लावतो. उतारा जास्त येतो. पण त्याला खत लागतं, खताला पैसा लागतो आणि पेंढा आखूड असतो, छपराला पुरत नाही. मुख्य म्हणजे ते सगळं खाचरातलं. ज्याच्याकडे खाचरच नाही त्याला सुधारित भात म्हणजे दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी.

त्याच्यासाठी नाचणी आहे. खत नको, औषध नको, पावसानं ओढ दिली तरी तग धरते. कणगीत भरली की वर्षानुवर्षं किडत नाही. पूर्वी भात बुडालं तरी माणसं नाचणीच्या आंबिलीवर तरायची, म्हणून तर वारल्यांची कणसरी ही धान्याची देवी आहे, सोन्याची नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात बघा. शंभर ग्रॅम नाचणीत ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम, पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. दुधातही एवढं नाही.

१९९२ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला पोरं कुपोषणानं मेली. मंत्री आले, पेपरात फोटो आले, गोळ्या आल्या, गव्हाची पोती आली. आपल्या पाड्यांवर गहू दळायला गिरणी किती कोसांवर असते हे कुणी विचारलं नाही. जिथल्या माणसांनी ३४४ मिलिग्रॅमचं धान्य उतारावर काढलं, त्यांच्या पोरांची हाडं वाळली कशी? तर जमीन तुकडा तुकडा गेली म्हणून. जे थोडं पिकतं तेही खळ्यातून घरी येत नाही. आषाढात सावकारानं एक मण दिलेलं असतं, दिवाळीला तो दीड-दोन मण उचलतो. उभ्या पिकावर पालेमोडीनं आधीच पैसे दिलेले असतात. हे थांबवायला १९७६ चा कायदा आहे, आदिवासी विकास महामंडळाची एकाधिकार खरेदी आहे. पण खरेदी केंद्र उघडेस्तोवर धान्य घरात राहायला हवं ना! कुपोषण हा रोग नाही, तो जमिनीचा हिशोब आहे. औषधानं हिशोब मिटत नाही.

आता काय करायचं?

नुसतं चिडून उपयोग नाही. यंदा प्रत्येक पाड्यानं एवढं करायचं :

१. पीक पाहणी शेतावर जाऊन, गावाला आधी कळवून करायची असते. तारीख लेखी मागा. त्या दिवशी मजुरीला जाऊ नका. बायांनी पुढे राहावं, कारण नाचणी-वरी लावणं, निंदणं, खुडणं त्यांनीच केलेलं असतं.

२. बाराच्या रकान्यात पिकाचं खरं नाव लिहून घ्या. नाचणी तर 'नाचणी', वरी तर 'वरी'. जमीन विसाव्याला असेल तर मागच्या तीन वर्षांत काय होतं ते सांगा.

३. सातबारा दुसऱ्याच्या नावावर आणि कसता तुम्ही, असं असेल तर तलाठ्यानं चौदा नंबरचा फॉर्म भरून तहसीलदाराकडे पाठवायचा असतो. तो भरायला लावा. "नंतर बघू" म्हणाला तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

४. वनजमिनीवर कसत असाल तर दंडाच्या जुन्या पावत्या जपून ठेवा. पावती फाडताना त्यांनीच लिहिलेलं असतं की तुम्ही तिथे होतात. आमच्यावर फाडलेली पावती आमचाच पुरावा आहे.

५. प्रत्येक पाड्यानं आपली वही ठेवा. कोण, कुठे, कोणतं पीक, किती पायली उतरलं. पंच म्हणून पाच माणसांचे अंगठे. सरकारची वही खोटी असेल तर आपली खरी असली पाहिजे.

६. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय जाऊ शकत नाही. कायदा आहे, महसूल कायद्याचं ३६-अ कलम. फार्महाऊसवाला दलाल दारात आला, "डोंगराचा पडीक तुकडा आहे, अंगठा दे" म्हणाला, तर अंगठा द्यायचा नाही आणि त्याच दिवशी संघटनेला कळवायचं. गेलेल्या जमिनीसाठी १९७४ चा परत करण्याचा कायदा आहे. जुने कागद घेऊन या.

आमच्या काही शिकलेल्या भावांना हे लहान काम वाटतं. एका रकान्यात एक शब्द बदलून काय होणार? त्यांना आम्ही म्हणतो, त्या एका शब्दावरच तर जमिनी गेल्या. बारावी होऊन आम्ही शाळेत इंग्लंडच्या गव्हाचे पट्टे पाठ केले, पंजाबच्या कालव्यांची नावं पाठ केली. वरकस हा शब्द एकाही पुस्तकात आला नाही. आता तो आम्ही लिहायचा आहे.

डोंगर चढायला तलाठ्याचे पाय दुखत असतील तर आपण त्याला काठी देऊ, वाटेत पाणी पाजू. पण वर न्यायचंच. कणसावर हात ठेवून विचारायचं, "भाऊसाहेब, हे काय आहे?" आणि तो जे म्हणेल ते तिथल्या तिथे, सगळ्यांच्या समोर, त्याच्याच पेनानं लिहून घ्यायचं.

वरकस आमचं, नाचणी आमची, कागदही आमचा झाला पाहिजे!

जिंदाबाद!